बीचचं प्लॅनिंग आणि आईची अमावस्या

नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच, त्यामुळे आमच्याकडे बीचचं प्लॅनिंग हॉटेलपासून नाही, रिझर्वेशनपासून सुरू होतं आणि फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. भाऊजी म्हणतात पुरी, डायरेक्ट गाडी आहे, जगन्नाथाचं दर्शनपण होते. बायकोला गुहागर पाहिजे. समृद्धी झाली ना, असं सगळे म्हणून राहिले, पण 701 किलोमीटर संपले की तुम्ही भिवंडीजवळ आमण्याला असता, गुहागर तिथून अजून अर्धा दिवस. त्यापेक्षा ट्रेननं चिपळूणला उतरलेलं बरं.

खरा प्रश्न आईच्या गुडघ्यांचा आहे. कोरड्या वाळूत पाय रुतला की ती दहा पावलांत बसते. ओल्या वाळूवर मात्र आरामात चालते, ती घट्ट असते ना, चप्पल हातात घेऊन पार टोकापर्यंत जाईल. म्हणजे आपल्याला ओहोटी पाहिजे, तीपण संध्याकाळची, आणि ते बघायला अ‍ॅप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरते. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, कोकणात साधारण तेवढ्या वाजता भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमाराला, ऐन उन्हात, काय कामाची! पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, सूर्य खाली येऊन राहिला आणि पाणी सगळ्यात लांब गेलेलं. रूमचा एसी, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड वगैरे नंतर बघता येते, आधी तिथी बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आईला समजावलं तर म्हणे, पौर्णिमेला घरी सत्यनारायण असतो. बरं, मग अमावस्या, समुद्राला दोन्ही सारखेच. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

आता त्रयोदशी-चतुर्दशीवर तडजोड झालीय, ओहोटी चार-पाचच्या दरम्यान, ऊन जरा राहील पण टोपी आहे. त्या तिथ्यांना शनिवार-रविवार कधी येतो ते शोधून राहिलो, आणि जिथं सापडतो तिथं नेमकी पोराची युनिट टेस्ट निघते.