थांबलेल्या चाकाची भूक

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांपैकी रॉक क्रॉलर ही वेगाची हौस भागवणारी गाडी नव्हे. एक चाक दगडावर टेकवायचे, दुसऱ्याला पकड मिळेपर्यंत थांबायचे आणि मग ट्रिगर किंचित दाबून गाडी वीतभर वर चढवायची, एवढाच हा खेळ आहे. आणि म्हणूनच या गाडीतील विजेची खरी कसोटी ती धावताना लागत नाही, अडकून उभी राहिल्यावर लागते. मोटर, गिअर आणि टायर यांच्याविषयी हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात. मला मात्र त्या सगळ्यांपेक्षा एखाद्या कोपऱ्यात चिकटवलेल्या अंगठ्याएवढ्या व्होल्टेज रेग्युलेटरविषयी, म्हणजे विजेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या मंडलाविषयी, अधिक कुतूहल वाटते.

पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत शिरले आहे असे समजा. क्रॉलरची डिफरन्शियल, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, सहसा लॉक केलेली असतात, त्यामुळे आधीच जड असलेले स्टिअरिंग अशा जागी आणखी जड होते. आपण रिमोटचे चाक पूर्ण वळवतो. चाके वळवणारी छोटी यंत्रणा, म्हणजे सर्वो, कुरकुरतो, टायरची बाजू दगडावर दबून फुगते, पण चाक काही वळत नाही. सर्वोमधली छोटी मोटर फिरत असते तोवर ती स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करून येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते. ती थांबली की हा आवर सुटतो आणि प्रवाह अडवायला गुंडाळीचा तुटपुंजा रोध तेवढा उरतो. ताकदवान सर्वो अशा वेळी पाच-सहा अँपिअर सहज ओढतो. चाक तसूभरही हललेले नसल्यामुळे भौतिकशास्त्राच्या हिशेबी कार्य शून्य, आणि विजेचा खर्च मात्र सर्वाधिक!

हा खर्च भागवण्याचे काम मुळात ईएससीमधल्या (गाडीच्या मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकामधल्या) रेग्युलेटरवर, म्हणजे बीईसीवर असते. पूर्वी रिसीव्हर (रिमोटचे संकेत झेलणारी डबी) आणि सर्वो यांच्यासाठी गाडीत एक वेगळी छोटी बॅटरी ठेवत. तिचे ओझे वाचवण्यासाठी मुख्य बॅटरीचा दाब पाच-सहा व्होल्टपर्यंत उतरवून देणारे हे मंडल ईएससीतच बसवले जाऊ लागले. साध्या ईएससीत त्याची क्षमता अनेकदा दोन-तीन अँपिअर इतकीच असते. मागणी त्यापलीकडे गेली की दाब कोसळतो, आणि रिसीव्हर त्याच तारेवर असल्यामुळे, स्वतःला नगण्य वीज लागत असूनही, तोच आधी बेशुद्ध पडतो. गाडी ऐन चढावर निपचित होते आणि दोष रिमोटच्या माथी मारला जातो.

उपाय म्हणजे बाहेरून जोडायचा स्वतंत्र रेग्युलेटर. त्याच्या आत येणाऱ्या दोन तारा ईएससीच्या बॅटरीकडील तारांवर सोल्डर करायच्या आणि बाहेर जाणारा प्लग रिसीव्हरच्या बॅटरीच्या किंवा एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या जागी लावायचा. खरी मेख यानंतर आहे. ईएससीकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल तार आता काढून टाकावी लागते. अन्यथा दोन्ही रेग्युलेटर एकाच तारेला वीज पुरवू लागतात आणि त्यांच्या दाबात किंचितही फरक असला, की असमान चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपल्यासारखी त्यांची ओढाताण होते. प्लगवरचे प्लॅस्टिकचे बारीक पाते सुईच्या टोकाने अलगद उचलले की लाल तारेची पिन मागे सरकून बाहेर येते. ती कापू नये. मागे दुमडून तिच्यावर हीट श्रिंक (तापवले की आवळून बसणारी नळी) चढवावे, म्हणजे पुढे कधी गरज पडल्यास ती पुन्हा बसवता येते. काळी तार मात्र जागेवरच हवी, कारण ती नसेल तर सिग्नलची उंची मोजायला समान पाया राहत नाही.

रेग्युलेटर निवडताना स्विचिंग प्रकारचाच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. लिनिअर रेग्युलेटरने त्यातून ६ व्होल्ट काढायचे म्हटले, तर तीन अँपिअरला उरलेल्या ६.६ व्होल्टची जवळपास २० वॅट उष्णता होते, आणि तेवढी उष्णता त्या बंद डबीतून बाहेर टाकायला वाट नसते. स्विचिंग रेग्युलेटर वीज जाळत नाही, तिचे झपाट्याने तुकडे पाडून कॉइलमधून सपाट करतो. मात्र त्यातून थोडा विद्युत गोंगाट निर्माण होतो, म्हणून तो अँटेनापासून दूर बसवावा आणि बाहेर जाणाऱ्या तारेला फेराइटच्या कड्यातून एखाद-दोन वेढे द्यावेत. किती व्होल्ट ठेवायचे हे सर्वो आणि रिसीव्हर या दोहोंच्या मर्यादा पाहून ठरवावे. ताकद वाढते म्हणून दाब चढवत नेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्याच प्रमाणात अडकलेल्या सर्वोची भूकही वाढते, हे विसरले जाते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा रीतीने थेट बॅटरीवर जोडलेला रेग्युलेटर ईएससीच्या स्विचने बंद होत नाही. बॅटरी उतरल्यावर ईएससी मोटरची वीज तोडतो, पण रेग्युलेटर सर्वो आणि रिसीव्हर यांना पाजतच राहतो. गाडी तशीच कपाटात गेली तर लायपो मरेपर्यंत रिकामी होते. म्हणून खेळ संपला की प्लग हातानेच काढावा, किंवा रेग्युलेटरच्या तारेवर वेगळा स्विच बसवावा.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरला प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने दाब मोजावा, लाल-काळ्याची दिशा पुन्हा एकदा पाहावी. सर्वो ॲक्सलवर बसवलेला असेल, तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावरही त्याची तार ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवावी. मग मीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर धरून पुढचे चाक हाताने घट्ट अडवावे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवावे. दोन-तीन सेकंदच, कारण सर्वो लगेच तापतो. तेवढ्यात मीटरवरचा आकडा आपण ठरवलेल्या व्होल्टच्या आसपास टिकून राहिला, तर बॉडी चढवायला हरकत नाही.