एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लालबागच्या चाळीत कंदील बनवायला पोरं जमली, तिसरी-चौथीतली, आणि मला काय हुक्की आली, म्हटलं यातच अपूर्णांक उरकून टाकू. क्रॉफर्ड मार्केटजवळून पतंगी कागद आणलेला, झिरमिळ्यांसाठी 24 सेंमीच्या पट्ट्या कापल्या. एक घडी, दोन भाग. परत घडी, चार. परत, आठ. आता कुठला तुकडा मोठा? शेजारची चिमुरडी एकदम ठाम, "एक अष्टमांश! आठ मोठा ना, काकू!" मग तिलाच 3 सेंमीचा तुकडा 6 सेंमीच्या तुकड्यावर ठेवायला लावला. बराच वेळ बघत बसली, मग हळूच म्हणते, "म्हणजे वाटेकरी वाढले की वाटा कमी." मी गप्पच.

खरी गंमत तीन भाग करताना. निम्म्यात दुमडत राहून तीन कधी होतच नाहीत, झेडसारखी घडी घालून दोन्ही टोकं सरकवत बसावं लागतं, आणि पतंगी कागद तेवढ्यात चुरगळतो, त्यामुळे याला आपलं जुनं वर्तमानपत्रच बरं. खळ लादीभर सांडली ते वेगळंच. कंदिलाची एक झिरमिळी आखूड आहे, ती चिमुरडीची, बदलू देत नाही.