बुलेटची साइडकार: बर्फाचा डबा बसला, ब्रेकही लागला

मागच्या नोंदीत साइडकारची, म्हणजे बुलेटच्या बाजूला जोडायच्या एकचाकी गाड्याची, चॅसी (सांगाडा) उभी होती आणि चाक नुसतंच फिरत होतं. आता वर डबा बसलाय, त्यात कोल्ड्रिंकच्या तीन पेट्या मावतात आणि गाडी नाशिकच्या पेठ रोडचा सावळघाट चढून-उतरून आलीये. रंग अजून दिलेला नाही. लाल प्रायमरचा एक हात मारलाय तेवढाच, त्यामुळे सिग्नलला लोक "गॅसची डिलिव्हरी का?" म्हणून विचारतात. विचारू देत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची ३५० बुलेट, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. साइडकार अर्थातच डावीकडे, आणि तिच्यात माणूस बसवायचा नाही, फक्त सामान. आमचं टोळकं रविवारी हरसूल, पेठ, कधी सिन्नरकडे निघतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला सावलीत बसून कोमट सरबत पिण्यात काही मजा नाही. तिथून या डब्याची कल्पना निघाली. येताना ओळखीच्या मळ्यातून द्राक्षं किंवा टोमॅटो आणायचे, हा पुढचा विचार.

सगळं डिझाइन मी परतीच्या ओझ्यावरून ठरवलंय, आणि यावर आमच्यात बराच वाद झाला. साइडकार डावीकडे असली की डाव्या वळणावर तिचं चाक उचलायला बघतं. डबा रिकामा असेल तर फारच लवकर. म्हणजे जाताना गाडी गुणी आणि येताना चावरी, असं व्हायची भीती. प्लॅस्टिकच्या बाटल्या नेल्या तर नेमकं हेच होणार: पिऊन झाल्या की डब्यात वजन उरतच नाही. काचेच्या परतीच्या बाटल्यांचं तसं नाही. ३०० मिलीच्या चोवीस बाटल्यांची भरलेली पेटी माझ्या काट्यावर १७-१८ किलो भरते, आणि रिकाम्या बाटल्यांसकट दहाच्या वर. तीन पेट्या जाताना पन्नासच्या पुढे आणि येताना तीस किलो, ते वजन आपोआप चाकावर राहतं. वर टोमॅटोचं एक क्रेट टाकलं की अजून वीस. लोक साइडकारमध्ये वाळूची गोणी टाकून फिरतात, मी बाटल्या परत देऊन डिपॉझिटही सोडवतो.

डब्याचं मापही मी टोमॅटोच्या क्रेटवरूनच घेतलं. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटवर चालतो, त्यामुळे जाळीचं ते प्लॅस्टिकचं क्रेट आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतं. तळाची रुंदी अशी ठेवली की दोन क्रेट आडवी शेजारी-शेजारी बसतात आणि कोल्ड्रिंकच्या पेट्याही हलत नाहीत. सातपूरला ज्यांच्याकडे वेल्डिंग केलं ते मिस्त्री काका कागदावरचं माप बघून म्हणाले, "अहो, डबा न्यायचाय का म्हैस?" पण काम चोख केलं. तळाला चेकर्ड प्लेट, बाजूंना पत्रा, आणि जड सामान साइडकारच्या आसाच्या पुढे सरकू नये म्हणून मध्ये एक आडवी पट्टी. या पट्टीला फार महत्त्व आहे. उजव्या वळणावर सगळा भार साइडकारच्या चाकाकडे आणि पुढे झुकतो. ओझं आसाच्या पुढे असेल तर बुलेटचं मागचं चाक हलकं पडतं आणि ब्रेक मारताना ते तुम्हाला कळतं. म्हणून पेट्या आसाच्या किंचित मागे, खाली, आणि होता होईल तेवढ्या बुलेटच्या अंगाला.

आता जोडणी. जुन्या बुलेटच्या फ्रेमची पुढची नळी इंजिनापाशी संपते, इंजिनच फ्रेमचा भाग म्हणून भार घेतं. त्यामुळे पुढचा खालचा पॉइंट नुसत्या क्लॅम्पवर भागत नाही, इंजिनच्या प्लेटांना धरून वेगळी सबफ्रेम करावी लागली. एकूण चार पॉइंट: खाली दोन, वर दोन. वरचे दोन दांडे आट्यांचे, लांबी कमी-जास्त करता येईल असे. खालचा मागचा पॉइंट नेमका चेन आणि ब्रेकच्या बाजूला येतो, तिथे ब्रेकच्या पेडलला पाय पोचतो की नाही हे आधी बूट घालून बघा. चपलेवर सगळंच पोचतं.

चाकांची जुळणी मोजायला दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ओळंबा आणि टेप, एवढं पुरतं. एक पट्टी बुलेटच्या दोन्ही चाकांना लावायची, दुसरी साइडकारच्या चाकाला, आणि पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी ठेवायचं. मी पंधरा मिलिमीटर ठेवलंय. फार ठेवलं तर टायर घासून झिजतो, अजिबात नाही ठेवलं तर गाडी सारखी डावीकडे ओढते. साइडकारचं चाक बुलेटच्या मागच्या आसापेक्षा साधारण वीतभर पुढे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे कल: गाडी उजवीकडे दीड-दोन अंश झुकलेली. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, शिवाय साइडकार डावीकडे खेचतेच, त्या दोन्हींची भरपाई या कलातून होते. हा कल मात्र गाडीवर बसून आणि डब्यात अर्धं ओझं ठेवून मोजायचा. रिकाम्या गाडीवर मोजलेला आकडा पेट्या ठेवल्या की बदलतो.

या खेपेचा सगळ्यात जास्त वेळ ब्रेकने खाल्ला. साइडकारला ब्रेक नसेल तर गाडी थांबते, पण डब्यातलं ओझं पुढे जायचं सोडत नाही, आणि हँडल उजवीकडे वळतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे. रिकाम्या साइडकारला हे चालवून घेता येतं, पन्नास-साठ किलो भरल्यावर कोटंबी घाट उतरताना अजिबात नाही. म्हणून साइडकारला बुलेटचंच पुढचं चाक घातलं, ड्रमसकट. तेही १९ इंचीच, म्हणजे टायर-ट्यूब एकच. हे चाक एका बाजूने लटकवायचं नसल्यामुळे आस दोन्हीकडून धरणारा स्विंगआर्म (चाकाबरोबर वर-खाली हलणारा दांडा) बनवला आणि ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून तिला वेगळा अडकण दांडा दिला.

पेडल डावीकडेच आहे हे आपलं नशीब. पेडलपासून एक ओढ मागच्या ब्रेकला आणि एक केबल साइडकारला, दोन्ही एका छोट्या पट्टीवर, तराजूच्या दांडीसारख्या. पट्टीला मध्ये तीन भोकं पाडलीत. पिन कुठल्या भोकात घालायची त्यावर साइडकारला किती जोर जाणार ते ठरतं. डबा भरलेला असताना बाहेरचं भोक, रिकामा असताना आतलं. पिन बदलायला पाना लागत नाही, आर क्लिप काढायची आणि घालायची. सावळघाटात हेच तपासलं: मोकळा पट्टा बघून चाळिशीच्या वेगात हँडल सैल धरून पेडल दाबलं, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. खाली आल्यावर साइडकारच्या चाकाचे स्पोक बोटाने वाजवून बघितले, दोन ढिले झाले होते. वळणावर चाक कलत नाही, सगळा आडवा ताण स्पोकवर येतो, तेव्हा ही सवय ठेवाच.

बर्फाचं गणित सोपं आहे आणि एकदा मांडलं की अंदाजपंचे लादी आणायची गरज राहत नाही. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. ३५ अंशांवरची भरलेली पेटी पाच अंशांवर आणायची तर आतलं सात किलो पेय आणि जवळपास नऊ किलो काच, दोन्ही गार करावं लागतं. हिशेब पेटीमागे साडेतीन किलोवर येतो. बाटल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून निघालात तर बर्फ फक्त थंडावा टिकवायला लागतो. डब्याच्या भिंतींत पन्नास मिलिमीटर जाडीचा पफ (पॉलियुरेथेन फोम) भरलाय. थर्मोकोल स्वस्त, पण तेवढ्याच जाडीत उष्णता बरीच जास्त आत सोडतो. बाहेर चाळीस अंश असताना माझ्या डब्यातला बर्फ तासाला अर्ध्या किलोच्या आतच जायला हवा, आणि दुपारपर्यंत लादी कोपऱ्यांत गोल झालेली पण शाबूत होती. फोडायला टोचा डब्यालाच टांगलाय.

मीठ घालू नका. मिठाने तापमान शून्याच्या खूप खाली जातं, बाटल्या तडकतात, आणि खारं पाणी पत्र्याचं वाटोळं करतं. वितळलेलं पाणी लगेच सोडायचीही घाई नको, बाटली नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात लवकर गार होते. पण चालत्या गाडीत हेच पाणी वळणावर एका कडेला धावतं, म्हणून निघण्यापूर्वी तोटी उघडायची. तोटीची नळी साइडकारच्या चाकाच्या मागे काढलीये, ओल्या टायरवर घाट नको. आणि बर्फ खायचाच आणा. २०१८ पासून आपल्याकडे अखाद्य बर्फाला निळसर रंग देतात, त्यामुळे ओळखायला सोपं.

बुलेटच्या धडधडीने बाटल्या चांगल्याच घुसळतात. पोचल्यावर दहा मिनिटं धीर धरा. आमच्यातल्या एकाने धरला नाही आणि बिल्ला उडाल्याबरोबर अर्धी बाटली त्याच्या जॅकेटच्या बाहीत गेली.

कागदपत्रांबद्दल बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२७) मध्ये मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार धरलेली आहे. तरी फेरबदलाची आरसीवर नोंद लागते (कलम ५२), ती करूनच रस्त्यावर उतरा. आणि पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खाजगी नंबरच्या गाडीवर, कोल्ड्रिंक विकायला निघू नका, मित्रांना पाजा.

पुढचं काम गिअरिंगचं. भरल्या ओझ्याने चढाला तिसऱ्यात इंजिन रडतं, तेव्हा पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एका दाताने लहान घालणार. त्यासाठी डावीकडची प्रायमरी (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या चेनची पेटी) उघडून क्लच उतरवावा लागतो, मग क्लच प्लेटाही त्याच वेळी. हँडल वीस-तीसच्या वेगात थोडं थरथरतं, त्याला घर्षणाचा स्टिअरिंग डँपर बसवून बघतो. लीडिंग लिंक फोर्क (पुढचं चाक आखूड दांड्यांवर पुढे धरणारा फोर्क) कुणी इथे नाशकात बनवून घेतला असेल तर ट्रेल, म्हणजे हँडलच्या आसाची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, किती ठेवला ते जरूर सांगा, डँपरवर नाही भागलं तर दिवाळीनंतर तेच काम काढायचं आहे.