तुम्ही विचारलंत म्हणून: नेटवर्कमधून व्हॉइसकडे वळावं का?

नेटवर्कमध्ये तीन-चार वर्षं काढलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. राउटिंग-स्विचिंग येतं, फायरवॉल हाताळता येते, आता इंटरनेट टेलिफोनीत, म्हणजे आपल्या बोलीत 'व्हॉइस'मध्ये, स्पेशलायझेशन करावं का? त्यामागोमाग खरी शंका येते: सगळे फोन क्लाउडवर गेल्यावर व्हॉइसवाल्याला विचारणार कोण?

माझं उत्तर असं की जरूर वळा, पण व्हॉइसमधल्या कुठल्या कामाकडे वळताय ते आधी बघा. एका नावाखाली इथे दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम फोन सिस्टिम सांभाळण्याचं: एक्स्टेन्शन काढणं, व्हॉइसमेल चालू करणं, आयव्हीआरचा ('विक्रीसाठी एक दाबा' वाला) मेनू बदलणं, हंट ग्रुपमध्ये, म्हणजे एकच कॉल घेणाऱ्या फोनांच्या गटात, माणसं घालणं. हे काम वेब पोर्टलवर गेलंय आणि तिथे ते कुणालाही दोन दिवसांत जमतं. दुसरं काम सिग्नलिंगचं (कॉल जोडणारे-तोडणारे संदेश) आणि मीडियाचं (प्रत्यक्ष आवाज): कॉल कुठून निघाला, कुठल्या एसबीसीतून (दोन नेटवर्कांच्या सीमेवर कॉल हाताळणारी यंत्रणा) गेला, आवाजाची पॅकेट्स कुठे अडली. क्लाउडमुळे हे काम कमी झालेलं नाही. पूर्वी कॉल एका इमारतीतल्या दोन केबिनांमध्ये फिरायचा. आता तोच कॉल तुमची फायरवॉल, इंटरनेट सेवादात्याचं नेटवर्क आणि क्लाउडवाल्याचा एसबीसी ओलांडून परत त्याच इमारतीत येतो. बिघडायच्या जागा वाढल्या.

या क्षेत्रातली उत्पादनं भराभर बदलतात. सिस्कोचं सीसीएनए कोलॅबोरेशन हे प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झालं. ॲस्टेरिस्क या फोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक वर्षं ज्यावर लोकांचे हात बसले होते तो 'चॅन-सिप' ड्रायव्हर २०२३ च्या २१ व्या आवृत्तीत काढून टाकला. मे २०२५ मध्ये स्काइपही बंद झालं. पण सिप या कॉल जोडण्या-तोडण्याच्या प्रोटोकॉलचं मुख्य मानक, आरएफसी ३२६१, जून २००२ चं आहे आणि आजचा कॉलही त्याच इन्व्हाइट (बोलावणं), २०० ओके (उचलल्याचा होकार) आणि ॲकवर (त्या होकाराची पोच) उभा राहतो. मोबाइलवरचं व्होल्टीसुद्धा आतून सिपच बोलतं. म्हणून प्रॉडक्ट शिकायला लागलंच तर शिका, पण भरवसा प्रोटोकॉलवर ठेवा.

एक तक्रार जवळून बघू, म्हणजे हे काम नेमकं कसलं ते कळेल. ऑफिसातून तिकीट येतं: 'बाहेरून आलेला फोन लागतो, बोलणं नीट होतं आणि अर्ध्या मिनिटानं आपोआप कट होतो.' नेटवर्कवाला पिंग करून बघतो, सगळं हिरवं. लिंकवर लोड नाही, पॅकेट लॉस नाही. व्हॉइसवाला एवढंच विचारतो, बरोबर बत्तीस सेकंदांनी कटतो का? उत्तर हो आलं की दोष कुठे शोधायचा ते जवळजवळ ठरतं.

झालेलं असतं ते असं. सेवादात्याकडून इन्व्हाइट आलं, पीबीएक्सनं, म्हणजे ऑफिसच्या फोन सर्व्हरनं, २०० ओके पाठवलं. त्या २०० ओकेच्या कॉन्टॅक्ट हेडरमध्ये पीबीएक्सनं आपला आतला पत्ता लिहिला, समजा १९२.१६८.१.२०. नियम असा की पुढचा ॲक कॉन्टॅक्टमधल्या पत्त्यावर जायचा. हा खाजगी पत्ता इंटरनेटवर कुठेच पोचत नाही, ॲक हरवतो. पीबीएक्स वाट बघतो आणि २०० ओके पुन्हा पाठवतो, अर्ध्या सेकंदानं, मग एका, दोन, चार सेकंदांनी आणि नंतर दर चार सेकंदांनी. सिपचा मूळ टायमर टी-वन ५०० मिलिसेकंदांचा, त्याची ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात ॲक आला नाही तर पीबीएक्स बाय पाठवून कॉल तोडतो. दरम्यान आवाज मात्र येत-जात राहतो, कारण आवाज वाहून नेणाऱ्या आरटीपीची वाट वेगळी आहे आणि सेवादात्याचा एसबीसी बहुधा आवाज जिथून येतोय त्याच पत्त्यावर परत पाठवतो. इलाज दोन-तीन ओळींचा असतो: पीबीएक्सला स्वतःचा बाहेरचा पत्ता सिग्नलिंगसाठी आणि मीडियासाठी सांगायचा, आणि आतलं नेटवर्क कोणतं तेही सांगायचं. त्याच वेळी राउटरवरचं सिप एएलजी (सिप संदेशांतले पत्ते आपोआप बदलणारी सोय) बंद करायचं. हे एएलजी मदतीसाठी बनवलं असलं तरी अनेक राउटरांवर ते अर्धेच पत्ते बदलतं आणि गोंधळ वाढवतं.

कॉल किती वेळानं तुटतो हे म्हणूनच आधी विचारावं. पंधरा मिनिटांच्या आसपास किंवा तिसाव्या मिनिटाच्या जरा आधी तुटत असेल तर सेशन टायमर बघा. त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद आणि अर्ध्यावर, ९०० सेकंदांनी, नूतनीकरणाचा संदेश जातो. तेवढा वेळ सिग्नलिंगच्या वाटेवर काहीच हललेलं नसतं, त्यामुळे फायरवॉलनं त्या वाटेची नोंद कधीच पुसलेली असते आणि नूतनीकरणाचा संदेश अडतो. कॉल लागतो पण एकाच बाजूला ऐकू येतं, तर एसडीपीतल्या (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा संदेशाचा भाग) 'सी' ओळीतला पत्ता आणि आरटीपीचे पोर्ट तपासा. कॉल लागतच नाही आणि ४८८ हा नकार येतो, तर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करण्याच्या पद्धती) जुळत नाहीत. ट्रेस, म्हणजे कॉलच्या संदेशांची नोंद, वाचता येणाऱ्याला ही चारही तिकिटं काही मिनिटांची आहेत. न येणाऱ्याच्या हातात ती आठवडाभर पडून राहतात. व्हॉइसच्या माणसाला मान मिळतो तो इथे.

नेटवर्कवाल्याचं पारडं या कामात मुळातच जड असतं. जी ७११ कोडेकचा कॉल ६४ केबीपीएसचा असं सगळे म्हणतात. पण दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीची मिळून ४० बाइट हेडरं, असे सेकंदाला ५० पॅकेट्स, म्हणजे ८० केबीपीएस झाले. इथरनेटचे १८ बाइट धरले की ८७.२. दहा कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला साधारण ८७२ केबीपीएस. आजच्या लिंकांवर ही रक्कम क्षुल्लक आहे, त्यामुळे 'बँडविड्थ वाढवा' हा सल्ला बहुतेकदा फुकट जातो. आवाज तुटतो तो रांगेत थांबून. अपलोड २ एमबीपीएसचं असेल तर १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद घेतं. बॅकअपची अशी दहा पॅकेट्स पुढे उभी असली की तुमचा आवाज ६० मिलिसेकंद मागे पडला, आणि जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेट्स सावरणारा साठा) तेवढा मोठा नसेल तर उशिरा पोचलेलं पॅकेट सरळ फेकलं जातं. पिंगची सरासरी मात्र ३० मिलिसेकंद दाखवत राहते.

इलाज तुम्हाला माहीत असलेलाच आहे: आवाजाला डीएससीपी ४६ (पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण) द्या आणि त्यासाठी प्रायॉरिटी रांग ठेवा. पण इंटरनेटवर तो ४६ कुणी पाळेल या भ्रमात राहू नका. आपल्या राउटरचं अपलोड सेवादात्यानं दिलेल्या वेगाच्या थोडं खाली, नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर, शेप करा, म्हणजे रोखून धरा. रांग आपल्या राउटरवर तयार झाली तरच तिच्यावर आपला हुकूम चालतो, मोडेममध्ये तयार झाली तर नाही. शेपिंग विसरून नुसतं मार्किंग करणारे खूप भेटतात.

हे काम सगळ्यांना मानवत नाही, तेही सांगायला हवं. तक्रार कायम मोघम असते, 'आवाज रोबोटसारखा येतो' एवढीच. टेलिफोनीच्या जुन्या जगातलं बरंच ओझं शिकावं लागतं: ई १६४ चे (आंतरराष्ट्रीय पद्धतीचे) क्रमांक, डीटीएमएफ (बटणांचे सूर), फॅक्ससाठी टी ३८, कॉल उचलण्याआधीचा आवाज. आपत्कालीन क्रमांकाला लावलेला कॉल योग्य जागेचा पत्ता घेऊन जातो का, ही जबाबदारी तुमच्यावर येते आणि तिथे चूक चालत नाही. शिवाय टोल फ्रॉड, म्हणजे दुसऱ्याच्या बिलावर केलेले चोरटे कॉल. सिपचा ५०६० पोर्ट जगाला उघडा ठेवला की स्कॅनर येतातच. एका एक्स्टेन्शनचा पासवर्ड कच्चा निघाला तर सुट्टीच्या रात्रीत महागड्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांवर कॉल सुटतात आणि बिल आपल्याच संस्थेच्या नावे येतं. सेवादात्याच्याच पत्त्यांना परवानगी, लागत नसलेले देश बंद, एका वेळच्या कॉलांना मर्यादा आणि सेवादात्याकडे खर्चाची रोजची कमाल, हे चारही पहिल्या दिवशी करायचं.

जमेल की नाही हे घरी आजमावता येतं. एक लहान लिनक्स व्हीएम, १ जीबी मेमरी पुरते, त्यावर ॲस्टेरिस्क किंवा फ्रीस्विच, दोन सॉफ्टफोन, आणि बघायला एसएनग्रेप व वायरशार्क. आधी एकाच लॅनवर कॉल लावा आणि त्या कॉलची एक-एक ओळ वाचा, प्रत्येक हेडर कशासाठी आहे ते वहीत लिहा. मग एक फोन नॅटच्या (खाजगी पत्ते बदलणाऱ्या राउटरच्या) पलीकडे न्या. मग मुद्दाम बिघडवा: बाहेरचा पत्ता काढून बत्तीस सेकंदांचा कट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दोन्ही बाजूंना वेगळे कोडेक देऊन ४८८ मिळवा. सर्व्हरवर टीसी-नेटेम या लिनक्सच्या साधनानं ४० मिलिसेकंद उशीर, ३० चा चढउतार आणि २ टक्के लॉस घाला आणि तोच कॉल जी ७११ वर आणि ओपस या कोडेकवर ऐका. नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सवर चालतं, त्यामुळे सर्व्हरकडून फोनांकडे जाणारा आवाज बिघडेल, फोनांकडून सर्व्हरकडे येणारा नाही, गोंधळू नका. शेवटी टीएलएस आणि एसआरटीपी (सिग्नलिंगचं आणि आवाजाचं एन्क्रिप्शन) चालू करा. वायरशार्कमध्ये काहीच दिसेनासं होईल आणि एसबीसीच्या स्वतःच्या लॉगांची किंमत तेव्हा कळेल. आठवड्याला सहा-सात तास दिले तर तीनेक महिन्यांत हे सगळं होतं. बिघडवण्याच्या भागात तुमचा वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर तुम्ही या कामाचे आहात. मजकुराच्या लांबलचक लॉगांनी जीव कंटाळला तर बीजीपी राउटिंग किंवा सिक्युरिटीकडे राहिलेलं बरं.

पुढच्या वाटांपैकी एसबीसी आणि कॉन्टॅक्ट सेंटरची वाट सर्वांत रुळलेली. ज्यांना प्रोग्रामिंगची आवड आहे त्यांनी कमाइलियो किंवा ओपनसिप्स हे सिप सर्व्हर बघावेत, मोठ्या सेवादात्यांकडे त्याला मागणी असते. वेबआरटीसीत, म्हणजे ब्राउझरमधल्या कॉलांत, स्टन, टर्न आणि आइस (नॅट ओलांडण्याच्या पद्धती) समजणारा नेटवर्कवाला दुर्मीळ असतो. मोबाइल कंपन्यांचं आयएमएस (व्होल्टीमागची यंत्रणा) ही वेगळीच खोल विहीर आहे. कुठेही गेलात तरी राउटिंग आणि थोडं पायथन सोडू नका, कारण व्हॉइसची अर्धी तिकिटं शेवटी नेटवर्कवरच येऊन थांबतात.

आणि नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही विचारा: या पदावरच्या माणसाला एसबीसीवर ट्रेस घेता येतो का, की फक्त पोर्टलचं लॉगिन मिळतं? पोर्टलच मिळणार असेल तर पदाचं नाव कितीही भारदस्त असो, ते पहिलं काम आहे.