९२ डॉलर जास्त कमावल्याची फी

जुलै २०२४ मधली एक केस अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. माणसाचं नाव, राज्य, कंपनी यातलं काहीच सांगणार नाही, तसं सांगता येत पण नाही, पण आकडे नीट देणारे कारण सगळी गोष्ट आकड्यांतच आहे.

मी ऐरोलीला एका बीपीओत नाइट शिफ्ट करते. आमची प्रोसेस अमेरिकेतल्या एका मॉनिटरिंग कंपनीची आहे. म्हणजे तिकडे आरोपीला जामिनावर सोडताना किंवा शिक्षा झालेल्याला प्रोबेशनवर, म्हणजे जेलऐवजी देखरेखीखाली बाहेर, ठेवताना कोर्ट पायात जीपीएसचा पट्टा घालायला लावतं, तो माणूस कुठे आहे ते सतत कळत राहतं, पट्टा कापला की अलर्ट, ठरलेल्या एरियाच्या बाहेर गेला की अलर्ट, बॅटरी उतरली की अलर्ट. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर मोठ्या स्क्रीनवर गुन्हेगार बघत बसतो. तसलं काही नाही, अलर्टची टीम वेगळी आहे. आम्ही बिलिंग बघतो. हो, बिलिंग, कारण तिकडे बऱ्याच ठिकाणी या पट्ट्याचे पैसे तो घालणाऱ्यालाच भरावे लागतात, तेही रोजच्या हिशोबाने. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

आमच्या क्लायंटकडे फी उत्पन्नावर ठरते. पूर्ण रेट दिवसाला १२ डॉलर. अमेरिकन सरकार दरवर्षी गरिबीची एक रेषा जाहीर करतं, २०२४ ची एकट्या माणसासाठी वर्षाला १५,०६० डॉलर होती, दोघांच्या घरासाठी २०,४४०. त्या रेषेच्या खाली असाल तर फी माफ, दीडपटीपर्यंत ३ डॉलर, दुपटीपर्यंत ६ डॉलर, त्याच्या वर गेलात की १२. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना, ज्याला जेवढं परवडतं तेवढं त्याने द्यावं. मलाही ट्रेनिंगमध्ये हे ऐकून बरं वाटलं होतं. आणि माझं काम म्हणजे पे स्टब, म्हणजे पगाराची स्लिप बघून तो माणूस कुठल्या स्लॅबमध्ये बसतो ते काढायचं आणि क्लायंटच्या अप्रूव्हरकडे पाठवायचं. निर्णय तिकडचा, आकडा आमचा.

हा आकडा काढणं हे क्लार्कचं काम आहे असं आमच्या फ्लोअरवरच निम्म्या लोकांना वाटतं, पण तसं नाहीये. अमेरिकेत पगार बहुतेकांना महिन्याला नसतो. कुणाला दर आठवड्याला मिळतो, कुणाला दर दोन आठवड्यांनी, कुणाला महिन्यातून दोनदा. आता दर दोन आठवड्यांनी आणि महिन्यातून दोनदा हे सारखंच वाटतं, पण पहिल्यात वर्षाला २६ पगार होतात आणि दुसऱ्यात २४, आणि तिथे चूक झाली तर माणूस सरळ वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतो. स्लिपवर तारखा बघायच्या, १४ दिवसांचं अंतर आहे की १५ आणि ३०, ते बघायचं. मग ओव्हरटाइम वेगळा काढायचा. मग काही मालक पेट्रोलचे किंवा हत्यारांचे परत दिलेले पैसे पण त्याच स्लिपवर दाखवतात, ते उत्पन्न नाही, ते वजा करायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा उजवीकडचा वायटीडीचा कॉलम, म्हणजे १ जानेवारीपासून आजपर्यंत एकूण किती मिळाले. आमच्याकडे एक सीनियर ताई आहेत, त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की दोन स्लिपा काहीही सांगू दे, वायटीडी कधी खोटं बोलत नाही. त्या ताईंना अजून टीम लीड केलेलं नाही आणि ज्यांना केलं त्यांनी आयुष्यात एक स्लिप धड उघडून बघितलेली नाही, हे मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर ८ जुलै. त्या पहाटे मुंबईत सहा तासांत ३०० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला होता, लोकल बोंबलल्या होत्या, संध्याकाळी शिफ्टला अर्धा फ्लोअर रिकामा. मी कळव्याची, त्यामुळे कशीबशी पोचले. क्यू, म्हणजे थांबलेल्या कॉलची रांग, लाल झालेला, आणि त्यात याचा कॉल.

गोडाऊनमध्ये काम करणारा माणूस, तासाला १४ डॉलर. दीड महिन्यापूर्वी पट्टा लागलेला. पहिल्या दहा दिवसांत उत्पन्नाचे कागद अपलोड केले नाहीत म्हणून सिस्टिमने आपोआप पूर्ण रेट लावलेला. ४५ दिवस गुणिले १२, थकबाकी ५४० डॉलर, आणि अकाउंटवर फ्लॅग, की अजून दोन आठवडे नाही भरले तर त्याच्या प्रोबेशन ऑफिसरला रिपोर्ट जाणार. तो ओरडत नव्हता. ओरडणारे कॉल सोपे असतात, त्यांना शांत करायची स्क्रिप्ट आहे. हा हळू आवाजात विचारत होता की मॅडम, मी कागद आता पाठवलेत, बघाल का. एवढंच.

बघितले. पट्टा लागायच्या आधीच्या दोन स्लिपा, एसओपीप्रमाणे, म्हणजे आमच्या कामाच्या लेखी नियमांप्रमाणे, त्याच लागतात. एक ११२० डॉलरची, साधे ८० तास. दुसरी १५४० ची, तिच्यात २० तास ओव्हरटाइम. एसओपी म्हणते दोन्हींची सरासरी काढा, १३३०, गुणिले २६, वर्षाला ३४,५८०. एकट्यासाठी दुप्पट रेषा ३०,१२०. म्हणजे पूर्ण रेट. दोन मिनिटांत कॉल संपवता आला असता, आणि त्या दिवशीचा क्यू बघता संपवावा अशीच सगळ्यांची इच्छा होती.

पण मी वायटीडी बघितला. दहा पगारांचे मिळून ११,६२०. म्हणजे नऊ वेळा ११२० आणि एकदाच १५४०, अख्ख्या वर्षात याने एकदाच ओव्हरटाइम केलाय आणि नेमका तोच पगार आमच्या दोन स्लिपांत सापडलाय. दहाने भागलं, ११६२, गुणिले २६, ३०,२१२.

रेषा ३०,१२०. वर ९२ डॉलर. वर्षाला ९२ डॉलर, म्हणजे याच्या एका दिवसाचा पगार पण नाही, आणि त्यासाठी फी महिन्याला १८० ऐवजी ३६०. एवढं खोदून काढलं आणि तरी तो माणूस तिथेच.

मग मी घराबद्दल विचारलं, कोण कोण असतं. म्हणाला मुलगी आहे, सात वर्षांची, अर्धा आठवडा माझ्याकडे, अर्धा तिच्या आईकडे. आता मुलगी धरली तर घर दोघांचं, दीडपट रेषा ३०,६६०, आणि हा सरळ ३ डॉलरमध्ये येतो. तोच माणूस, तोच पगार, १२ पण होऊ शकतात आणि ३ पण. पण एसओपीत घरातली माणसं म्हणजे टॅक्स रिटर्नवर दाखवलेली माणसं, आणि रिटर्नवर मुलीला तिची आई दाखवते. तो म्हणाला तिच्या शाळेत माझा पण पत्ता आहे, ते चालेल का? मी शाळेचं पत्र मागवलं आणि लांबलचक नोट लिहून दोन्ही गोष्टी वर पाठवल्या, वायटीडी आणि मुलगी.

बोलता बोलता अजून एक कळलं. पट्टा लागल्यापासून त्याला संध्याकाळी सातच्या आत घरी असावं लागतं. गोडाऊनची शिफ्ट तशी बसत नाही म्हणून मालकाने तास कमी केले, आठवड्याला ४० चे ३२. शिवाय डिव्हाइस रोज दोनेक तास चार्जिंगला लावायचं, पायातच असतं ते, म्हणजे तेवढा वेळ भिंतीजवळ बसून राहायचं. आत्ताचा पगार दोन आठवड्यांचा ८९६. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी फी लावली त्या पट्ट्यानेच उत्पन्न कमी केलं, आणि आम्ही मात्र फी मोजतोय पट्ट्याच्या आधीच्या उत्पन्नावर! ३६० डॉलर म्हणजे त्याच्या आत्ताच्या महिन्याच्या पगाराचा, तोही टॅक्स कापायच्या आधीचा, जवळपास पाचवा हिस्सा. उत्पन्न बदललं असेल तर वेगळा रिव्ह्यू मागता येतो, पण साठ दिवस पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत ऑफिसरकडे रिपोर्ट गेलेला असणार.

उत्तर दोन दिवसांनी आलं. वायटीडी मान्य. मुलगी अमान्य. ३०,२१२, घर एकाचं, पूर्ण रेट कायम. अप्रूव्हरने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, तिच्यासमोर टेबल आहे आणि टेबलात ९२ डॉलर जास्त आहेत. आमच्या क्यूएने, म्हणजे कॉलची क्वालिटी तपासणाऱ्याने, मात्र तो कॉल तपासायला उचलला आणि मार्क कापले, कॉल लांबला म्हणून. हिशोब बरोबर होता का ते त्याने बघितलंच नाही, त्याच्या शीटमध्ये तो कॉलमच नाहीये.

साठ दिवस झाल्यावर त्याचा रिव्ह्यू मीच लावला. ८९६ गुणिले २६, २३,२९६, एकट्यासाठी दीडपट २२,५९०, तिथे पण थोडक्यात वर, तर ६ डॉलर मंजूर. मंजुरीच्या तारखेपासून. मागची थकबाकी जशीच्या तशी, तिचे हप्ते बांधून दिले. म्हणजे ज्या दिवसांत त्याचा पगार कमी झालेला हे आता मान्य आहे त्याच दिवसांचे पैसे पूर्ण रेटने. ऑफिसरला रिपोर्ट गेला होता, त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला दिसत नाही, आमच्या स्क्रीनवर फक्त बॅलन्स दिसतो.

मी तेव्हापासून यावर बरंच वाचलं. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या केसमध्ये सांगितलंय की पैसे भरले नाहीत एवढ्यावरून प्रोबेशन रद्द करून जेलात टाकता येत नाही, तो मुद्दाम भरत नाही की त्याच्याकडे खरंच नाहीत ते आधी बघा. आणि पायात पट्टा घालायची कोर्टाची पहिली ऑर्डर पण १९८३ चीच, न्यू मेक्सिकोतली. म्हणजे हा प्रश्न पट्ट्याएवढाच जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१८ मध्ये ही फी काढूनच टाकली, कॅलिफोर्नियाने २०२० साली कायदा करून १ जुलै २०२१ पासून अशा बऱ्याच फिया बंद केल्या. इंग्लंडमध्ये टॅग, म्हणजे असाच पट्टा, घालणाऱ्याकडून पैसे घेतच नाहीत. तेव्हा फी नसली तर चालणारच नाही असं काही नाहीये.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वकील काका आहेत, ठाणे कोर्टात असतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते आधी वेगळंच बोलायला लागले, की त्याच ८ जुलैला आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, फ्रँक व्हिटस केस, जामिनावरच्या माणसाला गुगल मॅपवर पिन टाकून पोलिसांना सतत लोकेशन द्यायची अट घालता येणार नाही, प्रायव्हसीचा भंग आहे. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी अभय ओक साहेब, ज्यांनी वकिली ठाणे जिल्हा न्यायालयातच सुरू केली, त्यामुळे काकांना त्याचं भारी कौतुक. मी म्हटलं पण जम्मू-काश्मीरमध्ये पोलिसांनी २०२३ ला पट्टे आणलेत, आणि केंद्राच्या २०२३ च्या मॉडेल प्रिझन अ‍ॅक्टमध्ये पण आहे की कैदी ट्रॅकिंग डिव्हाइस घालायला तयार असेल तर रजा देता येईल. म्हणजे इकडे पण येतंय, आणि आलं की खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न येणारच.

मग काकांनी सांगितलं ते मला जास्त लागलं. आपल्याकडे लोक जामीन मंजूर होऊनही आत राहतात कारण जामीनदार मिळत नाही, जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, तो काढायला तहसीलला खेटे. पण जामीनपात्र गुन्ह्यात कायद्यानेच एक वाट ठेवलीय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ ला लागू झाली, तिच्या कलम ४७८ मध्ये, आणि आधीच्या सीआरपीसीत ४३६ मध्ये, म्हटलंय की माणूस आठवडाभरात जामीनदार देऊ शकला नाही तर तो गरीब आहे असंच धरायचं आणि त्याच्या स्वतःच्या बाँडवर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडायचं. प्रत्यक्षात हे किती वेळा होतं ते काकांनी हात हलवूनच सांगितलं. पण कायद्यात आहे. कागद आला नाही तर गरीब धरा.

आमच्या सिस्टिममध्ये बरोब्बर उलटं आहे. कागद आला नाही तर १२ डॉलर. आणि कागद कोणाकडे नसतो? ज्याला रोख पगार मिळतो, जी बाई घरकामं करते, जो कार वॉशवर आहे, ज्याची पट्टा लागल्यावर नोकरीच गेली. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढताना जे होतं तेच, ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याकडेच पुरावा नसतो. गोडाऊनवाला निदान स्लिपवाला होता. त्याच महिन्यात माझ्याकडे अशा कितीतरी फाइल आल्या ज्यांच्यात एकही कागद नाही आणि रेट पूर्ण. त्यांच्यासाठी मी वायटीडी कुठून बघणार. उत्पन्नावर आधारित म्हणतात, पण ज्याचं उत्पन्न दिसतच नाही त्याला श्रीमंत धरून चालतात.

ताईंनी आणि मी मिळून टीम लीडला मेल लिहिलाय, क्लायंटपुढे ठेवायला. कागद नसेल तर आधी सर्वात खालचा रेट लावा आणि कागद आला की वाढवा. दोन स्लिपांऐवजी वायटीडीची सरासरी धरा. पट्टा लागल्यावर तास कमी झाले असतील तर साठ दिवस थांबवू नका आणि मंजुरी मागच्या तारखेपासून द्या. टीम लीड माणूस चांगला आहे, वाचतो म्हणाला, पण क्लायंट कॉलच्या अजेंड्यावर अजून आलेलं नाही, तिथे सध्या कॉल किती मिनिटांत संपतो याचीच चर्चा चालू आहे. पुढच्या महिन्यात ताई स्वतः त्या कॉलवर असणार आहेत, त्या विषय काढणार आहेत, आणि मी तोपर्यंत अशा फाइल बाजूला काढून ठेवतेय जिथे माणूस रेषेच्या थोडासाच वर आहे.