पणजोबांची शेती कॉलेजातली वही मोडीतून देवनागरीत आणताना

सोलापूर जिल्ह्यात जुन्या वाड्याची माळवदं उतरवली की मोडीतले कागद निघतातच. बहुतेक खरेदीखतं, वाटणीपत्रं, सावकाराच्या पावत्या. आमच्याकडे निघाली ती वही. पणजोबा मोहोळ तालुक्यातले. मॅट्रिक करून आगगाडीने पुण्याला गेले आणि भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, शेती कॉलेजात शिकले. तिथली व्याख्यानं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. पण दिवसभर शेतावर हाताने काय केलं, ते त्यांनी मोडीत लिहून ठेवलं. शिक्षण संपवून घरी परतल्यावर त्याच वहीत घरच्या शेतीची टिपणं सुरू झाली.

वही वाचायची तर आधी ती जपायला हवी. पानांना कसर लागलेली, कडा हात लावताच झडत होत्या. कुणी सुचवलं लॅमिनेशन करा, कुणी म्हणालं चिकटपट्टी लावा. दोन्ही करू नका. लॅमिनेशन परत निघत नाही आणि चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो. मऊ ब्रशने धूळ झाडली आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, उन्हात नाही, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात. पुढचं सगळं वाचन त्या फोटोंवरून केलं. शाई फिकी झाली होती तिथे फोटोतला काळा-पांढरा भेद वाढवला की अक्षर उठून दिसायचं.

मग मोडी. शिकायला अवघड नाही, सवय लागायला वेळ लागतो. आधी ओळभर रेघ ओढायची आणि त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. आकड्यांपुढच्या उभ्या रेघा म्हणजे पूर्णविराम नव्हेत, ते अपूर्णांक आहेत: एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की सन साधारण कळतो. शके १८३४ च्या भाद्रपदातलं पान म्हणजे १९१२ चा सप्टेंबर. शिकायची इच्छा असेल त्यांना पुराभिलेख संचालनालयाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग माहीत असू द्यावेत. मी सोलापुरातच एका निवृत्त शिक्षकांकडे बसलो. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, दुसऱ्याच्या हाताचं मोडी वाचण्याआधी स्वतः लिहायला शिका. वळण हातात बसलं की डोळ्यालाही ओळखू येतं. अगदी तसंच झालं.

खरी अडचण पुढे होती. सर अक्षर न अक्षर बरोबर लावायचे आणि तरी वाक्य उभं राहायचं नाही. मोडीत लिहिलेले इंग्रजी शब्द, 'सुपरफास्फेट', 'नैत्रोजन', मागच्या-पुढच्या शब्दांना चिकटून आलेले. ते मी सोडवत गेलो. पण एका पानावर ज्वारीच्या बियाण्याची कृती होती, तिथे आम्ही दोघंही थांबलो. पाणी किती, बी किती, किती वेळ भिजवायचं, मग सावलीत पसरायचं, हे सगळं स्वच्छ. त्यात एक जिन्नस होता, 'मोरचुद'. गावी गेल्यावर थोरल्या चुलत्यांना वाचून दाखवलं.

नाना लगेच म्हणाले, "आरं, मोरचूद म्हंजे निळं खडं. बियाला लावायचं, काणी येऊ नये म्हणून. माझ्या लहानपणी घरात असायचं की."

ते पान मग उलगडत गेलं. काणी लागलेल्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली असते. मळणीत ती भुकटी उडते आणि चांगल्या दाण्यांना चिकटते. पुढच्या हंगामात बी रुजताना रोगही कोंबात शिरतो आणि ताटाबरोबर वर चढतो. पीक हिरवंगार दिसतं, कणीस बाहेर पडल्यावरच घात कळतो. रोग बियाण्याच्या अंगावर बसून येतो, म्हणूनच पेरणीआधी बी मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात धुतलं तर तो तिथेच मरतो. त्या काळी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने मोरचुदाचा हा उपाय गावोगाव नेला. आज आपण एक किलो बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळतो ते याच काणीसाठी. पणजोबांनी त्या पानाच्या समासात लिहिलंय: 'घरी करून पाहाणे.' आणि पुढे, गावाकडच्या पानांत, त्यांनी खरंच करून पाहिलंय. एका पट्ट्यात भिजवलेलं बी, शेजारच्या पट्ट्यात तसंच, आणि कापणीच्या वेळी दोन्हीतली काळी कणसं मोजून मांडलेली. वहीतलं हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कॉलेजाने त्या मुलाला काय दिलं ते इथे दिसतं: सांगितलेलं आपल्या रानात तपासून बघायची खोड.

तेव्हा कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन होते. पेशाने रसायनशास्त्रज्ञ, आधी आसामात चहावर काम केलेले. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी केली, ती १९१७ साली छापली गेली. १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखवलं. वहीच्या शेवटच्या भागात पणजोबांनी आमच्याच घरच्या जमिनीचे तुकडे मांडलेत: कोणता कुणाच्या वाट्याला, बांध कुठे, विहिरीची पाणीपाळी कुणाची कधी. हे त्यांनी मॅनसाहेबांचं पाहून केलं की आपसूक, ते वहीत नाही. पण भाऊबंदकीच्या कागदात असतो तसला त्रागा तिथे कुठेही नाही, नुसते आकडे आणि चतुःसीमा.

रब्बीची पानं नानांनी जवळजवळ तोंडपाठ असल्यासारखी पुरी केली. उन्हाळ्यात नांगरट, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरणी, ज्वारीत करडईच्या ओळी, मग कोळपणी. कुळवाने वरची माती भुसभुशीत राहिली की खालची ओल उडत नाही आणि भेगा लवकर पडत नाहीत. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झालं, मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात त्यानंतरच सगळीकडे पसरली. वही त्याच्या आधीची आहे, तरी ओल धरून ठेवायची धडपड तीच. आमच्याकडे ज्वारी गेली तरी कडबा हाती लागला पाहिजे, नाहीतर दावणीची जनावरं बाजारात जातात. त्यामुळे पणजोबांनी प्रत्येक पट्ट्याचा कडबा पेंढ्यांवर वेगळा मोजलाय.

आता बहुतेक वही देवनागरीत उतरली आहे. डाव्या बाजूला मोडीच्या पानाचा फोटो, उजवीकडे मजकूर, खाली नानांनी सांगितलेलं वेगळ्या अक्षरात. पेन्सिलने लिहिलेली काही पानं अजून लागत नाहीत, त्यांत खताच्या गाड्यांचा हिशोब असावा. तुमच्या घरी असे शेतीचे कागद असतील तर मोडीचा जाणकार शोधाच, पण घरातलं सर्वांत जुनं शेतकरी माणूस हाताशी आहे तोवर बसा. नानांची नजर आता कमी होत चालली आहे, म्हणून मी पानं मोठ्याने वाचतो आणि ते सांगतील ते लिहून घेतो. खताचा हिशोब येत्या सुट्टीत त्यांच्याबरोबरच लावायचा ठरलाय.