आवा उघडायची सकाळ

संक्रांत झाली की आमच्या कलाशाळेच्या मागच्या पटांगणात मातीची ट्रॉली रिकामी व्हायची आणि टेराकोटाचा आठवडा सुरू व्हायचा. मी कोल्हापुरात शिल्पकला शिकत होतो त्या चारही वर्षांत तो कधी चुकला नाही. नवी मुलं, शेवटच्या वर्षाची मुलं, पास होऊन नोकरीला लागलेले दोन-चार जण, सगळे एकाच ताडपत्रीवर बसायचे.

पहिली सकाळ मात्र टाऊन हॉलच्या संग्रहालयात जायची. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली उत्खनन झालं, तिथल्या वस्तू इथे आहेत. मुलांची गर्दी पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या काशाच्या मूर्तीपाशी. सर आम्हाला तिथून ओढून मातीच्या वस्तूंपुढे उभं करायचे. म्हणायचे, "धातू वितळवून पुन्हा ओतता येतो. भाजलेली माती परत माती होत नाही. म्हणून ती इथवर आली."

दुपारी माती तुडवायची. चाळलेली राख, थोडी लीद आणि फुटक्या मडक्यांची भुकटी घालून अनवाणी पायांनी. ही भुकटी महत्त्वाची. ती एकदा भाजलेली असल्यामुळे पुन्हा आक्रसत नाही, आणि तिच्या कणांमुळे जाड कामातलं पाणीही सहज बाहेर पडतं. भुकटी नसेल तर मोठं काम वाळतानाच तडकतं. वर्गात हे मी वहीत उतरवून घेतलं होतं; कळलं ते पायाच्या तळव्याला भुकटीची खरखर लागली तेव्हा.

शिकवायला कुंभारवाड्यातले मामा यायचे. सर आकाराबद्दल बोलत, मामा जाडीबद्दल. डोकं भरीव घडवायचं, माती थोडी आवळली की तारेनं दोन भाग करायचे, आतून कोरून भिंत बोटभर ठेवायची आणि पातळ मातीचा लेप लावून भाग पुन्हा जोडायचे. मामा डोळे मिटून आतून-बाहेरून बोटं फिरवत आणि नेमके जाड जागेवर थांबत. "हितं अजून काढ, पोरी." आम्ही समजत होतो की मातीत राहिलेल्या हवेमुळे शिल्प फुटतं. मामांनी ते खोडून काढलं. "हवा न्हाई, पाणी फोडतंय. वाफेला वाट गावली न्हाई की उडतंय." वाळलं की नाही हे बघायला ते शिल्प गालाला लावत. गार लागलं तर आत ओल आहे. मी आजही तेच करतो.

पहिल्या वर्षी मी आजीचं डोकं केलं होतं. चेहरा मनासारखा उतरला, पण अंबाड्याच्या आत कोरायला हात धजावला नाही. आकार बिघडेल अशी भीती वाटली. गालाला लावलं ते पुढून. मागून लावलंच नाही.

आवा, म्हणजे माती भाजायची उघड्यावरची भट्टी, लागायचा शनिवारी संध्याकाळी. खाली शेणी, त्यावर शिल्पं, मधल्या फटींत उसाचं पाचट, वरून पुन्हा शेणी आणि शेवटी ओल्या मातीचा लेप. सुरुवातीची धग अगदी मंद ठेवायची. पांढरा धूर आहे तोवर पाणीच निघत असतं. रात्रभर जागरण. कुणाच्या तरी घरून झुणका-भाकरी यायची, जुने विद्यार्थी आपापल्या वर्षाच्या आव्याच्या गोष्टी सांगायचे, मामा मध्येच उठून धूर हुंगून यायचे. त्या रात्री अंधारात दोन आवाज आले. कुणी काही बोललं नाही.

सोमवारी सकाळी राख बाजूला सारताना सगळे गोल उभे राहायचे. एकाच मातीची शिल्पं वेगवेगळ्या रंगांत निघत. जिथे वारं पोचलं तिथे मातीतल्या लोहानं लाल रंग धरलेला, जिथे धूर कोंडला तिथे काळा. माझ्या आजीचा चेहरा शाबूत होता. मागची अर्धी बाजू खापऱ्या होऊन शेजारच्या मुलीच्या बैलावर पडली होती. बैलाचं शिंग मोडलं होतं. ती माझ्यावर रागावली नाही, खाली बसून माझ्याबरोबर तुकडे गोळा करायला लागली.

चेहरा मी घरी नेला. खापऱ्या मामांनी गोणीत भरून ठेवल्या. पुढच्या जानेवारीत ती गोणी माझ्याच पुढ्यात आली, सोबत बत्ता आणि चाळणी. आजीचा अंबाडा मी कुटला, चाळला, नव्या मातीवर पसरला आणि पहिल्या वर्षाची मुलं ती तुडवायला उतरली.